चंद्र चुकला

नाना वाचनालयाची पायरी चढताना दिसले की काउंटरवरच्या बाई आधी खोडरबर काढून ठेवतात. नाना बँकेतून निवृत्त झाले, त्यांची शिसपेन्सिल मात्र अजून नोकरीत आहे. खातेवह्या तपासायचे, त्याच नजरेनं हल्ली कादंबऱ्या तपासतात. जगात वाचनाचे प्रकार दोनच, इतिहास आणि चावटपणा. "आम्ही आपले पहिलेवाले," हे ते कुणी न विचारता सांगतात.

त्यांची इतिहासाची व्याख्या तशी ऐसपैस आहे. मुखपृष्ठावर तलवार असेल तर इतिहास, नुसती बाई असेल तर चावटपणा, आणि दोन्ही असतील तर "संदर्भाला असू दे." रणजित देसाईंची 'स्वामी' त्यांना पूज्य आहे, म्हणजे तिला ते लांबूनच नमस्कार करतात. इनामदारांची 'राऊ' मात्र चार वेळा घरी गेली, बुंदेलखंडाच्या राजकारणासाठी! 1729 साली बाजीरावानं छत्रसालाची बंगशाच्या कचाट्यातून सुटका कशी केली, हे त्यांना तोंडपाठ आहे. इतकी तयारी असलेला माणूस मस्तानीची पानंही अभ्यास म्हणूनच वाचत असणार. शंका घेण्याची कुणाची टाप आहे?

काकूंच्या मागे असली भानगड नाही. त्या बाबा कदमांची कादंबरी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या वर ठेवून राजरोस नेतात. "त्यात एक सनावळी नाही!" नाना कळवळतात. प्रेमकथाकारांत त्यांनी एकट्या चंद्रकांत काकोडकरांना माफ केलं आहे, कारण काकोडकर कोर्टात गेले. 'रंभा'च्या 1962च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून अश्लीलतेचा खटला, हायकोर्टात 25 रुपये दंड, 1969 साली सुप्रीम कोर्टात सुटका. "निकालपत्र आहे, म्हणजे इतिहासच की!" कथा वाचलीत का, असं विचारलं तर नाना पंख्याकडे बघतात.

परवा पानिपतच्या पार्श्वभूमीवरची एक प्रेमकथा त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. (लेखकाचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यानं पुरेसं सोसलंय.) घोडदळ, रसद, वाटाघाटी अशी पहिली दीडशे पानं कोरी करकरीत. पुढे मात्र पुस्तक आपण होऊन एका जागी उघडलं. लढाईची आदली रात्र, राहुटी, नायक, नायिका आणि मध्यरात्रीचं टिपूर चांदणं. समासात नानांचं अक्षर: 'चंद्र चुकला. लढाई 14 जानेवारी 1761, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. आदली रात्र सप्तमीची. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र मावळतो.' त्याखाली, 'पुन्हा पाहिले. चुकलाच.' त्याखाली, 'तिसऱ्यांदा पडताळले.'

पुढच्या पानावर तपासणीला जोर चढला होता. 'फौज उपाशी. अशात, ऐन पौषात, केसांत मोगरा कुठून?' शंका रास्त होती. पण त्याखालची नोंद वाचून मी पुस्तक मिटलं आणि घरात कुणी बघत नाही ना, हे पाहून पुन्हा उघडलं. 'चोळीच्या गाठी: मागील पानी दोन सुटल्या, या पानी तीन. मूळ शिल्लक नमूद नाही. ताळमेळ लागत नाही.'

पुस्तक परत करायला गेलो, तर नाना आणि काकू काउंटरशीच उभे. बाईंनी पुस्तक हातात घेतलं मात्र, मधली चार पानं अलगद टेबलावर उतरली. बाईंनी समासातलं अक्षर बघितलं, मग माझ्याकडे न बघता नानांकडे बघितलं.

"नाना, बाइंडिंगचे पंचवीस रुपये."

"पंचवीस?" नानांचा चेहरा उजळला. "मी वर अपील करीन!"

"वर कुणी नाही हो, वर पाण्याची टाकी आहे," काकू म्हणाल्या आणि कोथिंबीर बाजूला सारून पाकीट काढलं. "भरून टाका मुकाट्यानं. त्यातले अर्धे माझे आहेत."