चार बोटं सरका

लोकलच्या सेकंड क्लासमधला बाक तिघांसाठी आहे, असा रेल्वेचा समज आहे. डोंबिवलीकराला विचारा, तो चार सांगेल. हा चौथा माणूस बसतो म्हणजे नेमकं काय करतो, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. एक कुल्ला बाकावर, दुसरा हवेत, एक पाय वाटेत रोवलेला आणि चेहऱ्यावर मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयाचं समाधान. 'चौथी द्या' म्हटलं की अनोळखी माणसंही तोंड वाकडं करून का होईना, चार बोटं सरकतात. मुंबईतली निम्मी मैत्री त्या चार बोटांतून सुरू झालेली असते, असं माझं मत आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते. म्हणजे डब्याला तीस माणसंही नाहीत! त्या बिचाऱ्यांची एकमेकांशी मैत्री काय होणार? 'जरा सरका' म्हणायची वेळच कोणावर आली नसेल.

आमचा आठ-बाराच्या फास्टमधला ग्रुप कोणी ओळख करून दिल्यामुळे जमला नाही. कोणीतरी सरकलं. मग कोणीतरी माझी बॅग न विचारता हातातून ओढून वर रॅकवर टाकली. मग एका सोमवारी 'शुक्रवारी कुठे होता?' असा दरडावून प्रश्न आला. इतक्या अधिकाराने माझ्या गैरहजेरीची चौकशी शाळेतल्या मास्तरांनंतर कोणी केली नव्हती. ऑफिसात तर मी नसल्याचं अजूनही लक्षात येत नाही.

नावं कोणालाच ठाऊक नव्हती. कुर्ल्याला उतरणारा तो 'कुर्ला'. उन्हाळ्यात घरचं ताक आणून झाकणाझाकणाने सगळ्यांना पाजणारे ते 'ताकवाले'. ताकात जिरं भयंकर असायचं, पण 'जिरं कमी घाला' म्हणायची कोणाची छाती झाली नाही. आणि पेपरकाका. हे रोज स्वतःच्या पैशाने पेपर विकत घ्यायचे आणि दिवा स्टेशन यायच्या आत त्याची पानं वेगळी करून वाटून टाकायचे. खेळाचं पान ताकवाल्यांना, पुरवणी मला, पहिलं पान खिडकीशी बसणाऱ्याला, कारण उजेड तिथे. काकांच्या वाट्याला उरायच्या छोट्या जाहिराती. त्यामुळे बदलापूरला वन बीएचके कितीला जातो आणि जुनी शिलाई मशीन कोण घेतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. देशात सरकार कोणाचं आहे, हे मात्र आम्हाला विचारावं लागायचं.

घाटकोपर आलं की बसलेल्यांनी उठायचं आणि उभं असलेल्यांनी बसायचं, हा नियम. तो कोणी केला, माहीत नाही. मोडलेला पाहिला नाही. सूट एकट्या कुर्लाला. तो रात्री उशिरापर्यंत एका हॉटेलच्या गल्ल्यावर बसायचा, म्हणून सकाळी ज्याचा खांदा मिळेल त्यावर झोपायचा. ज्याच्या खांद्यावर तो झोपला, त्याने खोकलासुद्धा दाबून धरायचा. पण विद्याविहार गेलं की हाच प्रेमळ माणूस त्याच्या मांडीवर सणसणीत थाप मारून ओरडणार, "ऊठ रे कुंभकर्णा, आलं तुझं!"

गोड बोलायची आमच्यात पद्धतच नाही. एकदा एका नव्या मुलाला ताकवाल्यांनी आपली जागा दिली, तर तो म्हणाला, "थँक्यू सो मच, सर." ताकवाले इतके अवघडले की दादरपर्यंत त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. उपकाराची फेड तोंडाने करायची नसते, खंडेनवमीला वर्गणी देऊन करायची असते. त्या दिवशी डब्याला झेंडूच्या माळा, आंब्याचं तोरण, मोटरमनला पेढे. तोरण तिरकं लागलं म्हणून होणारं भांडण पुढच्या खंडेनवमीपर्यंत पुरतं.

आमच्या सौभाग्यवतींच्या लेडीज डब्यात तर याहून पुढची मजल. तिथे एकीने पिशवीतून मटार काढले की पाच जणी न विचारता सोलायला घेतात. परतीच्या गाडीत घाईघाईने पिशव्यांची वाटणी होते. एकदा आमच्या घरी मटारांऐवजी निवडलेली मेथी आली. तिने ती निमूट फोडणीला टाकली. "अगं, पण ही कोणाची?" म्हटलं, तर म्हणाली, "ज्यांच्याकडे आपले मटार गेले, त्यांची."

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली, तेव्हा कळलं की माझ्या फोनमध्ये या मंडळींची नावं 'ताक' आणि 'कुर्ला' अशीच आहेत. एका दुपारी फोन आला, "ओळखलंत का? ताक बोलतोय." मागून त्यांच्या मिसेस चमकून 'कोण बोलतंय?' म्हणाल्या, ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांना फक्त माझ्या घराजवळचं औषधाचं दुकान उघडं आहे का, हे विचारायचं होतं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्या बीपीच्या गोळ्यांसाठी. गोळी चुकत असल्याचं मी डब्यात कधीतरी बोललो होतो. पेपर घरी येणं बंद झालं, तेव्हा कुर्ला रोज रात्री काकांना फोन करून मोबाईलवरच्या ई-पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून दाखवायचा. त्या दिवसांत जाहिराती त्या किती असणार? कमी पडल्या की जुन्याच पुन्हा वाचायचा. काका म्हणायचे, "ही मशीन अजून गेली नाही वाटतं."

15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोसवाल्यांना लोकलची मुभा मिळाली आणि आम्ही पुन्हा जमलो. पुढे यथावकाश काका रिटायर झाले. मध्यंतरी ते डोंबिवलीच्या फडके रोडवर भेटले. चेहरा उतरलेला. मी तब्येतीची चौकशी केली.

"तब्येत ठणठणीत आहे हो," काका म्हणाले. "पण आता घरी अख्खा पेपर मलाच वाचावा लागतो. पहिल्या पानावर इतक्या वाईट बातम्या असतात? इतकी वर्षं तुम्ही लोकांनी मला पत्ता लागू दिला नाहीत!"

मी त्यांच्या हातातला पेपर घेतला, पहिलं पान काढून खिशात घातलं आणि उरलेला परत दिला.