गावठीवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक तरी गावठीवाले काका असतात. गावाशी त्यांचं नातं आता सातबाऱ्यावरच्या सामाईक नावापुरतं उरलेलं असतं, पण अंडं मात्र गावचंच हवं. पांढरं अंडं दिसलं की ते ‘पोल्ट्रीचं!’ म्हणतात आणि असा चेहरा करतात, की पोल्ट्रीतल्या कोंबडीलाही अपराधी वाटावं.

आमचे काका दर रविवारी बाजारात मावशींच्या टोपलीपुढे उकिडवे बसतात. अंडं उन्हात धरतात, कानाशी हलवतात, हुंगतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकतात, असं कुणीसं त्यांना सांगितलंय. म्हणून खिशात होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीतून व्हिनेगर. तांबडं अंडं त्यात भिजवलेल्या बोळ्याने घासायचं आणि रंग निघाला की गर्जायचं, “चहा!”

पंचाईत अशी, की अस्सल तांबड्या अंड्याचाही रंग असाच निघतो. अंडं घडायला साधारण एक दिवस लागतो. त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. तांबडा रंग, म्हणजे प्रोटोपॉर्फिरिन, अगदी शेवटी वरून बसतो, घराला बाहेरून मारलेल्या डिस्टेंपरसारखा. आतून कवच पांढरंच. थोडक्यात, काकांच्या कोर्टात निरपराधही कबुली देतो.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या शेजारच्या मुलीने त्यांना समजावून पाहिलं. कवचाचा रंग जातीवर ठरतो. लेगहॉर्न पांढरी घालते, ऱ्होड आयलंड रेड तांबडी, मग ती पोल्ट्रीत राहो की परसात. चिलीकडच्या अराउकानाची अंडी चक्क निळी, आणि तो रंग कवचात आरपार भिनलेला. झाबुआच्या कडकनाथचं मांस काळं, हाडंही काळपट, अंडं मात्र फिकट बदामी. बलक पिवळाधमक हवा असेल तर खाद्यात मका किंवा झेंडूच्या पाकळ्या घाला, झालं.

काका ढिम्म. कोंबडीचं फक्त डावंच बीजाशय काम करतं, हे ऐकल्यावर तेवढे खुलले. “वामांगी! पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!” मग ती म्हणाली, पांढऱ्या कानपाळीची कोंबडी बहुधा पांढरी अंडी घालते आणि लाल पाळीची बहुधा तांबडी. दोन्ही ‘बहुधा’ काकांनी जागच्या जागी गाळले. ती अपवाद सांगायला लागली तेव्हा ते चपला घालत होते.

रविवारी टोपलीपुढे बसून त्यांनी फर्मावलं, “अंडी राहू द्या. आधी कोंबडीचे कान दाखवा.”

मावशींनी पदर सावरला. “कान? अवो दादा, अंडी घ्यायला आलाय का सून बघायला?”

मागे रांग लागली होती. मावशींनी हिशेब सांगून टाकला, “अंडी दीडशे डझन. कान बघायचं आसलं तर आख्खी कोंबडी घ्या. पाचशे.”


काकांनी अर्धा डझन घेतली. सत्तर रुपयांत द्या म्हणून घासाघीस मात्र केली.