गाडी जरा बाजूला घ्या

पुण्याहून देवकुंड धबधब्याच्या पायथ्याला, म्हणजे भिऱ्याला, गाडीने अडीच-तीन तासांत पोचता येतं असं लोक छातीठोकपणे सांगतात. हे लोक एकेकटे जात असावेत. सतरा सीटची ट्रॅव्हलर करून जाणाऱ्यांना त्यांचं गणित लागू पडत नाही. सतरा सीट म्हणजे थांबण्याची सतरा कारणं, आणि त्यातली कुठलीही दोन एका वेळी निघत नाहीत. माझं तर आता असं मत झालंय की सहल जाण्यासाठी नसतेच, थांबण्यासाठी असते. धबधबा बिचारा त्यातला शेवटचा थांबा.

आमच्या सोसायटीचा मूळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाण्याला वाहिलेला आहे. टँकर आला का, किती आले, बी विंगला आधी का सोडलं, याखेरीज तिथे दुसरा विषय निघत नाही. निघालाच तर सेक्रेटरी हात जोडल्याची खूण टाकून तो बंद करतात. म्हणून सहलीसाठी ‘देवकुंड फायनल’ नावाचा वेगळा ग्रुप निघाला. त्यात नाव सोडून काहीच फायनल नव्हतं. जुलैत जाऊ म्हणणारे बरेच होते, पण पावसाळ्यात तिथे जिल्हा प्रशासनाची बंदी असते आणि ती योग्यच आहे. ओढ्यांना बघता बघता पाणी चढतं, लोक पलीकडे अडकतात, कुंडात माणसं बुडालेली आहेत. शेवटी नवरात्रातला रविवार ठरला. ज्यांच्या घरचा नळ दुपारी तीनला कोरडा पडतो अशी सगळी मंडळी मुद्दाम पाणी बघायला निघाली.

सातला निघायचं म्हणून सेक्रेटरींनी सहा सांगितले होते. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे सातला आले. आणि सगळे सातला येणार हे ड्रायव्हरला माहीत असल्यामुळे तो साडेसातला आला.

पहिला थांबा चांदणी चौक. सेक्रेटरींचे मेहुणे तिथून बसणार होते. नवे पूल झाल्यापासून त्या चौकात एवढे रस्ते एकमेकांच्या अंगाखांद्यावरून गेले आहेत की चौक नक्की कुठला हे सांगणं कठीण. मेहुणे फोनवर शपथेवर सांगत होते, “मी चौकातच उभा आहे.” आम्हीही चौकातच होतो. ते आम्हाला दिसत होते, आम्ही त्यांना दिसत होतो, हातही हलवून झाले. फक्त मधे एक रस्ता हवेत होता आणि एक जमिनीखाली. अखेर मेहुण्यांनी रिक्षा केली आणि समोर दिसणाऱ्या माणसांपर्यंत मीटरने आले.

पिरंगुटला मिसळ. निम्म्या गाडीला नवरात्राचे उपास होते, म्हणून मिसळ होईपर्यंत उपासवाले नुसते बसले, आणि मग त्यांची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि वरून काकडीची कोशिंबीर होईपर्यंत मिसळवाले बसले. उपासाला वेळ जास्त लागतो हे तिथे सगळ्यांनी मान्य केलं. आमच्या मजल्यावरच्या काकूंना घाट लागतो. घाट अजून बराच पुढे होता, पण काकू नियमाच्या पक्क्या. पौडच्या अलीकडेच त्यांनी आवळासुपारी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “गाडी जरा बाजूला घ्या.”

पुढचा मोठा थांबा मुळशीचा. तो टाळणं शक्यच नसतं, कारण रस्त्याच्या कडेने ते विस्तीर्ण पाणी सुरू झालं की गाडीतला प्रत्येक मोबाईल आपोआप खिडकीकडे वळतो. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या ठेवीचा हिशेब ठेवायची सवय गेलेली नाही. पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, “हे बघताय ना? हे आपलं पाणी.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. मुळा नदी खरं म्हणजे पूर्वेला निघालेली. मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत, असं करत बंगालच्या उपसागरात जायचं हा तिचा बेत. टाटांनी इथे धरण बांधून तिला अडवलं, उलट पश्चिमेला फिरवलं आणि सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या पाइपांतून खाली सोडलं. पाचशे मीटर खाली भिऱ्याला वीजघर आहे, १९२७ सालापासूनचं. वीज मुंबईला जाते. काम झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला राफ्टिंगवाले याच पाण्याच्या वेळापत्रकावर होड्या सोडतात, आणि शेवटी ते रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं.

“म्हणजे पाणी आपलं, वीज मुंबईची, आणि मजा कोलाडला!” मेहुणे म्हणाले.

“आणि टँकर आपल्याला,” सेक्रेटरी म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बी विंग.

काकांनी पुढचं सांगितलं तेव्हा मात्र कोणी विनोद केला नाही. या पाण्याखाली मावळातली भातखाचरं आणि गावं गेली. १९२१ साली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात तुरुंगात गेले आणि लोकांच्या तोंडी कायमचे सेनापती बापट झाले. धरण काही थांबलं नाही. गाडीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग मागच्या सीटवरून कोणीतरी भाजकं कणीस मिळेल का असं विचारलं आणि गाडी पुन्हा बाजूला घेतली.

मुळशीचं पाणी पाइपात शिरलं की थेट भिऱ्याला पडतं. आम्ही ताम्हिणी घाटातून गेलो. इथे जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. पुण्यात आख्ख्या वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त. ऑक्टोबरात घाटातले बरेचसे धबधबे आटलेले असतात, म्हणून गाडी कमी थांबेल अशी माझी आशा होती. पण देवकुंडाला निघालेल्या माणसांनी रस्त्याकडेच्या मोरीतून गळणारी धारसुद्धा सोडली नाही. प्रत्येक धारेपाशी उतरायचं, “काय थंड आहे हो!” म्हणायचं, एक सगळ्यांचा फोटो, एक बायकांचा, एक मेहुण्यांचा, आणि मग गाडीत कोण नाही ते मोजायचं. एका थांब्यावर मोजणी एकाने जास्त भरली. शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ आमच्यात येऊन धपाटे खात बसले होते. चांगले होते गृहस्थ. काकूंनी त्यांना लोणचंही दिलं होतं.

भिऱ्याला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. गावात नाव नोंदवून सोबत वाटाड्या घ्यावा लागतो. आमच्या वाट्याला आलेला माणूस चाळिशीचा, काटक, पायात रबरी बूट, हातात फक्त एक कोयता. त्याने आमच्याकडे नजर टाकली: काकांची काठी, काकूंची पर्स, बी विंगच्या जिमवाल्याच्या पाठीवरची पाण्याची पिशवी आणि तिच्यातून थेट तोंडापर्यंत आलेली नळी. मग सूर्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. नुसता चालायला लागला.

जायला साडेसहा-सात किलोमीटर, यायला तेवढंच. सुरुवातीची वाट भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने, मोकळी, सावली नाही. भिऱ्याचं ऊन हा वेगळा विषय आहे. २०१७ च्या मार्चमध्ये इथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि हे आडबाजूचं गाव एकदम बातम्यांत आलं. तो आकडा खरा की यंत्राची गडबड, यावर नंतर वाद झाला. काका छत्री उघडून म्हणाले, “वाद घालणाऱ्यांना इथे चालवायला हवं होतं.”

आणि इथे मला कळलं की थांबण्याची खरी विद्या आमच्याकडे नाहीच, ती वाटाड्याकडे आहे. गाडीत आपण बिनदिक्कत ओरडतो, बाजूला घ्या. चालताना तसं म्हणवत नाही. दम लागलाय हे आधी कोण कबूल करणार? शेजारची विंग बघत असते. वाटाड्याला हे पुरतं ठाऊक होतं. चौघापाचांचे चेहरे लाल झाले की तो आपणहून उभा राहायचा आणि माहिती द्यायचा. “हा ऐन. हा किंजळ. ह्या झाडाला उन्हाळ्यात मध लागतो.” झाडाकडे बघायच्या निमित्ताने सगळे दगडांवर टेकायचे. वनस्पतिशास्त्राची एवढी ओढ आमच्या सोसायटीला असेल असं वाटलं नव्हतं. काका तर प्रत्येक झाडाचं नाव दोनदा विचारायचे.

बसलेल्यांना उठवण्याचं त्याचं तंत्र त्याहून सोपं होतं. पाच मिनिटं झाली की तो सहज म्हणायचा, “परवा हितंच बिबट्या बसला व्हता.” पुढच्या अर्ध्या मिनिटात रांग चालू.

किती राहिलं, या प्रश्नालाही त्याच्याकडे एक उत्तर नव्हतं. काकांनी विचारलं तर “दहा मिन्टं.” जिमवाल्याने, त्याच जागी, त्याच क्षणी विचारलं तर “अजून तास हाय.” मी आधी गोंधळलो. मग लक्षात आलं की तो अंतर वाटेकडे बघून सांगतच नाही, माणसाकडे बघून सांगतो. काका दहा मिनिटांच्या आशेवर चालत राहिले. जिमवाला, जो आतापर्यंत पळत पुढे जाऊन फाट्या-फाट्यावर आमची वाट बघत उभा असायचा, तो मुकाट्याने रांगेत आला आणि नळी चोखत चालू लागला.

मग रान दाट झालं, सावली आली, ओढे ओलांडताना काकूंनी दोन्ही बाजूंना दोन माणसं नेमली. पाणी दिसायच्या खूप आधी त्याचा आवाज आला. आणि शेवटच्या दगडांवरून चढून गेलो तर समोर देवकुंड.

इथे मला थट्टा सुचत नाही. तिन्ही बाजूंनी काळा कडा उभा, आणि त्यातून सरळ एका दमात खाली येणारं पाणी. सह्याद्रीचा हा खडक लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. वरचा टणक थर टिकतो, खालचा हळूहळू झिजतो, आणि पाणी आपलं कुंड कोरत राहतं. कुंडाचा रंग हिरवा म्हणावा तर निळा वाटतो. दोरीच्या पुढे कोणाला सोडत नाहीत. कुंडलिका इथूनच उगम पावते असं गावातले लोक सांगतात. उडणारे तुषार आमच्या अंगावर येत होते आणि सोसायटीतल्या कोणालाही आपण भिजतोय याचं भान नव्हतं. सेक्रेटरी हाताची ओंजळ धरून उभे होते. किती लिटर वाया जातंय याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण तोंडातून निघाला नाही.

वीस मिनिटं झाली असतील नसतील. मेहुणे म्हणाले, “चला, निघायचं का?”

सकाळपासून निघायची घाई कोणी पहिल्यांदाच केली होती, आणि ती जिथे थांबायला एवढ्या लांब आलो नेमकी तिथे. आश्चर्य म्हणजे सगळे लगेच उठले. फोटो झाले होते. मोरीपाशी आम्ही याहून जास्त वेळ काढला होता.

परतीची वाट पायांनी पाठ केली होती, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. जेवण वाटाड्याच्याच घरी सांगितलं होतं. अंगणात पंगत बसली. तांदळाची भाकरी, पिठलं, खारातली मिरची, आणि उपासवाल्यांना वरीचे तांदूळ. घरच्या आजी भाकऱ्या वाढत होत्या. सगळ्यांकडे एकदा नीट बघून त्यांनी विचारलं, “एवढं लांबून पानी बघाया आलाव? तुमच्याकडं नळाला न्हाय येत?”

आजींनी सहज विचारलं होतं. पण सेक्रेटरींनी भाकरी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. महापालिकेचं कनेक्शन, मग बोअर, मग बोअरला लागलेलं खारं पाणी, मग टँकरचे दर. मध्येच बी विंगच्या जिमवाल्याने एक दुरुस्ती सुचवली. त्यावर काकांनी मागच्या वार्षिक सभेचा इतिवृत्तान्त तोंडपाठ म्हणून दाखवला. मेहुणे आमच्या सोसायटीचे नव्हेत, तरी त्यांनी मुद्दा मांडला. आजी भाकऱ्यांची टोपली घेऊन तशाच उभ्या. अंगणात आमची सर्वसाधारण सभा भरली, गणसंख्या पूर्ण होती, आणि ती लवकर संपेल अशी काही चिन्हं नव्हती.

वाटाड्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होता. सूर्य डोंगराआड गेल्याचं त्याने एकदा पाहिलं, आईच्या हातातली टोपली घेतली, आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, “परवा हितंच, गोठ्यामागं बिबट्या…”

हात न धुता ट्रॅव्हलरमध्ये चढलेल्यांत सेक्रेटरी पहिले होते. गाडी फाट्यावर आली तशी काकूंनी आवळासुपारीची डबी उघडली, आणि मागून काका म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, घाट सुरू व्हायच्या आत कुठे चहा मिळाला तर बघा.”