डॉलर लावला का?

आपल्याकडे सोसायटीचा खजिनदार निवडून येत नाही, सापडतो. वार्षिक सभेत 'यांना एक्सेल चांगलं येतं' असं कुणीतरी पुटपुटतं आणि माळ गळ्यात पडते. माळेबरोबर आधीच्या खजिनदाराची फाइल मिळते. त्यात सभासदांची नवी यादी पेस्ट करायची आणि मेंटेनन्सची बिलं काढायची, एवढंच काम.

शीटची मांडणी साधी असते. बी१ या सेलमध्ये दर, समजा चौरस फुटाला ४ रुपये. बी२ रिकामा. बी३ मध्ये 'क्षेत्रफळ' हे शीर्षक आणि बी४ पासून एकेका फ्लॅटचे चौरस फूट. पहिल्या फ्लॅटसमोर, सी४ मध्ये, फॉर्म्युला टाकला : बी४ गुणिले बी१. सहाशे चोक चोवीसशे. बरोबर! आता हाच फॉर्म्युला कॉपी करून खालपर्यंत पेस्ट करायचा की झालं.

मग गंमत सुरू होते. दुसऱ्या फ्लॅटचा मेंटेनन्स येतो शून्य. तिसऱ्याच्या नावापुढे एरर येते, कारण शीट बिचारं चौरस फुटांना 'क्षेत्रफळ' या शब्दाने गुणू पाहत असतं. चौथ्या फ्लॅटचे ६०० चौरस फूट पहिल्या फ्लॅटच्या ६०० चौरस फुटांशी गुणले जातात आणि बिल निघतं ३,६०,००० रुपये. चौथ्या मजल्यापर्यंत जायची गरजच उरत नाही, चौथे सभासद स्वतःच खाली येतात. दुसऱ्या फ्लॅटवाल्यांची मात्र काही तक्रार नसते.

शीटला वेड लागलेलं नसतं. आपण 'बी१' लिहिलं तरी ते मनाशी टिपून ठेवतं : 'डावीकडे एक घर, वर तीन ओळी.' पुण्यात पत्ता सांगतात तसंच हे. मारुतीच्या देवळापासून डावीकडे, मग तिसरा वाडा. देवळापासून निघालात तर नीट पोचाल. मंडईपासून निघून तीच वळणं घेतलीत, तर भलत्याच वाड्याची कडी वाजवाल आणि दुपारी एक ते चारमध्ये वाजवली असेल, तर पुढचं ऐकूनही घ्याल.

खरं तर ही सवय सोयीचीच आहे. बी४ नंतर बी५, मग बी६ असं आपोआप सरकलं नसतं, तर प्रत्येक ओळीत फॉर्म्युला हाताने लिहावा लागला असता. फक्त दराने जागचं हलायचं नसतं. त्यासाठी बी आणि १ या दोघांच्याही आधी डॉलरचं चिन्ह लावायचं. एफ४ दाबलं की ते लागतं. म्हणूनच ऑफिसात कुणाचं शीट बिघडलं की पलीकडच्या टेबलावरून मान वर न करता प्रश्न येतो, 'डॉलर लावला का?'

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' आणलं, तेव्हा शीट जास्त अदबीने वागायचं. फॉर्म्युल्याची नक्कल करताना ते प्रत्येक सेलबद्दल विचारायचं : हा आहे तसाच ठेवू, की जागेप्रमाणे बदलू? आताची शीटं विचारत नाहीत, परस्पर समजून घेतात. घरातली निम्मी भांडणं याच समजूतदारपणातून होतात.

साडेतीन लाखांचं बिल निदान आरडाओरडा करतं. भीती असते ती खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चुकीची. २००३ साली कॅनडातल्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीने न्यूयॉर्कमधल्या वीजवहनाच्या करारांसाठी बोली लावली. शीटमधल्या कट-पेस्टमध्ये चूक झाली, नको तितके करार चढ्या भावाने पदरात पडले आणि २ कोटी ४० लाख डॉलरचा फटका बसला. आकडे आपापल्या चौकटीत शहाण्यासारखे बसले होते. बसलेल्या आकड्याला कोण उठवून विचारतं, 'तू इथलाच ना?'

म्हणून नव्या खजिनदारांना एकच विनंती. बिलं पाठवण्याआधी शेवटच्या ओळीवर जा आणि एफ२ दाबा. फॉर्म्युला कुठले सेल धरून बसलाय, ते रंगीत चौकटींत दिसेल. पहिली ओळ तपासून समाधान मानू नका. ती आपण स्वतः लिहिलेली असते, म्हणून बहुधा बरोबरच असते.