किरकोळ माणसाचं पोट

आपल्याकडे माणसाचं वजन ही त्याची खासगी मालमत्ता नसते. लग्नाच्या मांडवात भेटलेली कुठलीही लांबची आत्या ‘काय रे, किती सुटलास!’ म्हणू शकते आणि उत्तराची वाट न बघता मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारू शकते. नव्या नवरीला ‘सासर मानवलं हो’, तान्ह्याला ‘बाळसं धरलंय, दृष्ट काढा’ आणि बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मित्राला ‘तब्येत सुधारली की!’ असं बिनदिक्कत म्हणता येतं. चाळिशीतल्या बाईला तोंडावर कोणी काही म्हणत नाही. ती पुढे गेली की म्हणतात.

या सगळ्यातून एक जमात मात्र सहीसलामत सुटते. किरकोळ अंगाच्या माणसांची. गालफडं बसलेली, मनगटावर घड्याळ फिरतंय, गळ्याची हाडं दिसतायत आणि मध्यभागी, शर्टाच्या चौथ्या-पाचव्या बटणापाशी, एक छोटासा विनयशील उंचवटा. मी या जमातीतला. आम्हाला कोणी ‘सुटलास’ म्हणत नाही. उलट पंगतीत आग्रह होतो, ‘तुम्हाला काय होतंय! घ्या आणखी एक जिलबी.’ आम्हीही यजमानांचं मन मोडत नाही. शेजारच्या पाटावर भरल्या अंगाचे सद्गृहस्थ नुसती कोशिंबीर चिवडत बसलेले असतात आणि त्यांच्याकडे बघताना आमच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, त्यांना सहानुभूती म्हणणं धाडसाचं होईल.

आमच्या या निर्धास्तपणाला सुरुंग लागला तोही पुण्यातच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आणि एक फोटो छापून आणला. फोटोत दोन डॉक्टर आहेत. एक स्वतः याज्ञिक, दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, दशांशापर्यंत सारखा, २२.३. काट्यावर उभे केले तर दोघांना एकच प्रमाणपत्र मिळालं असतं. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त चरबी! वर याज्ञिकांनी त्या टिपणात दोघांच्या व्यायामाचीही प्रामाणिक नोंद केली. युडकिन मॅरेथॉन धावतात. आणि आपला मुख्य व्यायाम काय, तर रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. जगभरचे डॉक्टर गंभीरपणे वाचतात त्या पानांवर अशी नोंद करायला पुणेरी माणूसच हवा.

तर असे आपण. दिसायला सडपातळ, आतून जाड. आता हे लिफ्टमुळे झालं म्हणावं तर याज्ञिकांचंच दुसरं काम आडवं येतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या गरोदरपणाच्याही आधीपासून नोंदी ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या या बायका. त्यांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. लठ्ठपणाशी त्यांचा दूरचाही संबंध नाही. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, ती साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान भरली: पोटातले अवयव लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजतात ती चरबी? ती मात्र फारशी कमी नव्हती. दुष्काळात घरानं भांडीकुंडी, बैल, सगळं विकावं आणि सोनं तेवढं शेवटपर्यंत राखावं, तसं त्या जिवानं आईच्या पोटातच ठरवलेलं होतं.

म्हणजे माझ्या चौथ्या बटणाची कथा माझ्या जन्माच्या आधीच सुरू झाली असण्याची शक्यता आहे. हे कळल्यावर मला बरंच बरं वाटलं. पुढे वाचल्यावर तितकंसं वाटलं नाही. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर असं दिसलं, की गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांची शरीरं इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. त्या खेड्यांतल्या दोन तृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. ते दुधात, अंड्यात, मासळीत आणि मटणात असतं. भाजी-भाकरीत नसतं. शिवाय शहरात आल्यावर अशा शरीरासमोर अचानक सुबत्ता येते. टंचाईच्या हिशेबानं घडलेल्या देहाला रोज चार वाजता चहाबरोबर खारी मिळू लागते, आणि तो बिचारा ती जपून ठेवतो. पुन्हा मिळेल न मिळेल!

ज्या बीएमआयवर आपण एवढे विसंबतो, तो काढला कोणी? एकोणिसाव्या शतकातल्या अडोल्फ केतले नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी, आणि ते डॉक्टर नव्हतेच. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ग्रहताऱ्यांबरोबर त्यांना ‘सरासरी माणूस’ही शोधायचा होता. वजनाला उंचीच्या वर्गानं भागा, हे सूत्र त्यांचं. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं ते १९७२ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅन्सल कीज यांच्याकडून. आकाशातल्या गोलांसाठी हे ठीक असेल, पण या सूत्राला चरबी कुठली आणि स्नायू कुठला हे कळत नाही. म्हणून जगात पंचविसाला जी धोक्याची घंटा वाजते, ती आपल्यासाठी तेविसालाच वाजवा, असं इथले डॉक्टर सांगतात. त्याहून सोपं म्हणजे कमरेचा घेर मोजा. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्यापुढे गेलात की काटा काय म्हणतो याला महत्त्व नाही.

आता इथे मराठी पुरुषाची एक खास अडचण आहे. तो कमरेचा घेर पँटीच्या मापावरून सांगतो. ‘लग्नात चौतीसची होती, आजही चौतीसचीच!’ खरं आहे. फक्त लग्नात ती बेंबीवर होती, आज ती चार बोटं खाली आहे. पोट वाढत गेलं तशी पँट अदबीनं खाली सरकत गेली आणि माप कायम राहिलं.

विलायतेत मात्र पँटींनी खरी साक्ष दिली आहे. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसच्या नोकरवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली. पगार, वस्ती, चहा सगळं साधारण सारखंच, पण कंडक्टरांना हृदयविकार कमी. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, अशी शंका निघाली तेव्हा मॉरिस आणि मंडळींनी थेट गणवेशाच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत खरोखरच जास्त रुंद निघाल्या. लठ्ठपणाच्या संशोधनात शिंप्याच्या वहीला इतका मान क्वचितच मिळाला असेल. मुंबईच्या बेस्टच्या दुमजली बसमधले कंडक्टरही तसेच जिने चढत. आपण मात्र पहिल्या मजल्यासाठी लिफ्टचं बटण दाबून उभे असतो, आणि ती लवकर आली नाही की सोसायटीला पत्र लिहितो.

हालचालीबद्दल आणखी एक गंमत. अमेरिकेत १९९९ साली सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा चरबी चढली नाही, कोणाच्या चार किलोंहून जास्त चढली. फरक कशात होता? व्यायामशाळेत नव्हे. ज्यांच्यावर चढली नाही, ती माणसं नकळत जास्त हलत होती: उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या. आणि आपल्याकडे मूल बसल्या जागी पाय हलवायला लागलं, की आजी ओरडते, ‘पाय हलवू नकोस, दळिद्री लक्षण आहे!’ पिढ्यान्‌पिढ्या आपण किती कॅलरी अशा ओरडून वाचवल्या असतील, देव जाणे.

जुन्यांना हे सगळं ठाऊक नव्हतं असं नाही. चरकसंहितेत अतिस्थूल माणसावर सविस्तर लिहिलंय. गोड आणि जड खाणं, व्यायाम न करणं, बीजाचा, म्हणजे आईबापांकडून आलेला स्वभाव ही कारणं आजही पटतात. त्याच यादीत दिवसा झोपणंही आहे, म्हणजे एक ते चार वामकुक्षी घेणाऱ्या शहरानं काय ते समजावं. पण मला आवडतात ती उरलेली दोन: सदा आनंदात असणं आणि कसलीच चिंता न करणं. उपायांतही जागरण आणि चिंता सांगितली आहे. इथे चरकाचार्यांचं आणि माझं पटत नाही. घराचे हप्ते आणि मुलांचे क्लास यांमुळे चिंतेचा पुरवठा आता मुबलक आहे, पण माणसं वाळताना दिसत नाहीत. कमी झोपेनं भूक वाढते, असं आता आढळलंय. शिवाय चिंताग्रस्त माणूस रात्री अकराला मुगाची उसळ शोधत नाही, शेवेचा डबा शोधतो. अमेरिकेतल्या केविन हॉल यांनी २०१९ साली दाखवून दिलं, की ताटात साखर, मीठ, चरबी सारखीच ठेवली तरी कारखान्यातून पाकिटबंद आलेलं खाणं माणूस रोज पाचशेक कॅलरींनी जास्त खातो. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायच्या आत पाकीट संपलेलं असतं.

डाएटबद्दल फार बोलत नाही, कारण या विषयावर महाराष्ट्रात घरं फुटलेली आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोड्या थोड्या वेळानं खा आणि तुपाला घाबरू नका. एकाच घरात सासरे दीक्षितांकडे आणि सून दिवेकरांकडे असली, की स्वयंपाकीणबाईंनी काय करावं? आमच्या ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, ‘तुमचं काय ते आपसात ठरवा, पोळ्या मी एकदाच लाटणार.’ उपवास हा आपला सनातन तोडगा, पण त्यात साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप अशी चौकडी बसलेली असल्यामुळे तो घडतो कमी आणि चढतो जास्त.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आतली चरबी गप्प बसत नाही. दंडावरची, मांड्यांवरची चरबी त्या मानानं सालस. आतड्यांभोवतीची मात्र आपला माल थेट यकृताकडे पाठवत राहते. यकृत फुगतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर चढते, मागोमाग रक्तदाब. मग आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या माळकरी माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघतं आणि तो घरच्यांच्या नजरा चुकवत रिपोर्ट घडी करून ठेवतो. मानेत चरबी साठली की झोपेत श्वास अडतो. घरचे त्याला नुसतं घोरणं समजतात आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला आळशी ठरवतात. वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. हा हिशेब पर्वतीच्या पायथ्याशी पाटी करून लावायला हवा.

आणि ज्याला सगळे बोलतात, त्या खरोखरच्या जाड माणसाचं काय? १९८६ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. मोठेपणी त्यांचा बांधा जन्मदात्यांच्या वळणावर गेला होता. ज्यांच्या घरी ती जेवून-खाऊन वाढली, त्यांच्या वळणावर नाही. १९९४ साली लेप्टिन सापडलं. हे संप्रेरक चरबीच मेंदूकडे पाठवते, ‘साठा पुरेसा आहे’ असं सांगायला. वजन उतरलं की हा निरोप क्षीण होतो, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि तो भूक वाढवून खर्च कमी करतो. चार महिने कोशिंबीर चिवडून सहा किलो उतरवलेला माणूस पुढची कित्येक वर्षं आपल्याच मेंदूशी भांडत असतो. वरून त्याला आम्ही सांगतो, ‘जरा तोंडावर ताबा ठेवा.’ कोण सांगतो? चार जिलब्या रिचवलेला किरकोळ माणूस.

गेल्या गणपतीत आमच्याकडे फिजिओथेरपी शिकणारी भाची आली आणि तिनं पर्समधून टेप काढली. जेवणं नुकतीच झाली होती. आधी सांगितलं असतंस तर जेवणाआधी मोजलं असतं, अशी तक्रार सगळ्यांनी केली. पँटीच्या मापावर तिचा विश्वास नव्हता. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा, अशी तिची शिस्त. माझा आकडा इथे देण्याचं कारण दिसत नाही. मग काका उभे राहिले. माझ्याहून बारीक, आयुष्यभर चौतीस. टेप गुंडाळताच त्यांची छाती वर गेली, पोट पाठीला लागलं आणि टेप अठ्ठ्याऐंशीवर थांबली.

‘काका, श्वास सोडा.’

सोडलाय, असं काकांनी डोळ्यांनी सांगितलं. भाची टेप धरून उभी राहिली. काकाही उभे राहिले. त्यांचे कान लाल व्हायला लागले तरी ते हटेनात. शेवटी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काका, मोदक किती झाले आज?’

‘अकरा!’ काका अभिमानानं म्हणाले, आणि टेप शहाण्णववर गेली.