लटकवा आणि बोंबला

नवी बुलेट दारात आली की पेढे वाटून व्हायच्या आत तिच्या अंगावर दागिने चढतात. मोबाइल होल्डर, फॉगलाइट, बार-एंड आरसे, ॲक्शन कॅमेरा. महिन्याभरात फॉगलाइट मान टाकतो, आरशात मागचा एक ट्रक दोन दिसू लागतो आणि मालक गॅरेजात जाऊन तक्रार करतो, "गाडी जाम व्हायब्रेशन मारते राव!"

मारणारच! एका सिलिंडरचं इंजिन आहे ते. मिनिटाला ४००० फेरे म्हणजे पिस्टन सेकंदाला ६७ वेळा खालीवर. ते हादरे हाताला कमी जाणवावेत म्हणून कंपनी हँडलच्या दोन्ही टोकांना वजनं देते. आपले शौकीन तीच वजनं उपटून तिथे आरसे ठोकतात आणि मग हाताला मुंग्या येतात म्हणून जेलचे ग्लोव्ह्ज विकत घेतात.

फोनची कथा याहून भारी. ॲपलने २०२१ सालीच सांगून ठेवलंय की मोठ्या मोटरसायकलच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, तेव्हा फोन थेट हँडलला लावू नका. स्कूटरला लावायचाच तर निदान हादरे शोषणारा होल्डर घ्या. पण वाचतो कोण? लाखाचा फोन दोनशेच्या क्लॅम्पवर टांगायचा आणि क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबायचा, हे आपलं इंजिनिअरिंग. त्या तुकड्याने क्लॅम्प घसरत नाही, एवढंच. आवळून चपटं झालेलं रबर हादरे काय शोषणार?

नटबोल्टांचंही तेच. आडव्या हादऱ्यांनी घट्ट पिळलेला बोल्टही आपसूक सुटतो, हे गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं. आपण अजून स्प्रिंग वॉशर घालून निर्धास्त! तो वॉशर अशा हादऱ्यांपुढे फारसा टिकत नाही. नायलॉनचा नट घाला, नाहीतर आट्यांवर थ्रेडलॉकरचा थेंब टाका. निळाच घ्या, लाल लावलात तर पुढच्या वेळी खोलताना घाम फुटेल. ब्रॅकेट आखूड आणि जाड पत्र्याचा निवडा. वीतभर लांब पट्टीच्या टोकाला जड दिवा टांगला, तर पट्टी आज ना उद्या तडकणारच.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय हवा असेल तर निम्मं सामान उतरवून ठेवा. जे लावलंच नाही, ते थरथरत नाही.