नाच सोडून बाकी सगळं

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत कथकच्या क्लासच्या एक ताई असतात. संध्याकाळी साडेपाचला 'ता थेई थेई तत्' सुरू झालं, की खालच्या मजल्यावरचे काका पेपर बाजूला ठेवून पंख्याकडे बघायला लागतात. पंखा पडत नाही. क्लासही बंद पडत नाही.

ताईंचं वय विचारू नये. त्या ते परीक्षांत मोजतात. "ही माझी मैत्रीण, मध्यमा पूर्णपासून आम्ही एकत्र आहोत," अशी ओळख करून देतात आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी चढता चढता दुधाचे दात, दहावी आणि बी.कॉम. वाटेत उरकलेलं असतं. बी.कॉम. आईसाठी. त्यानंतर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून नृत्यात एम.ए. हे स्वतःसाठी. एवढं सगळं झाल्यावर लग्नकार्यात भेटलेली आत्या प्रेमानं विचारते, "ते नाचाचं ठीक आहे गं, पण तू करतेस काय?"

खरं उत्तर लांबलचक आहे आणि आत्याला पंगतीची घाई असते. म्हणून ताई नुसत्या हसतात. नवरसांतला हास्यरस, त्याखाली करुण आहे, पण तो फक्त परीक्षकाला दिसतो.

जूनमध्ये ताई शिक्षिका असतात. नव्या प्रवेशांसाठी आलेल्या आया दोन प्रश्न विचारतात. पहिला, "स्टेजवर कधी जाणार?" दुसरा, "दहावीला वाढीव गुण मिळण्यासाठी किती परीक्षा द्याव्या लागतात?" शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे गुण दहावीच्या निकालात मिळायला लागल्यापासून कथकला बरे दिवस आलेत, असं ताई म्हणतात. मात्र हे बरे दिवस मुलीच्या दहावीपर्यंतच टिकतात. चक्कर सफाईनं यायला लागली, पढंत खणखणीत झाली, आता हिच्याकडून काहीतरी होईल असं वाटू लागलं, की नेमका निरोप येतो: "ताई, अकरावीला क्लासेस आहेत, एक वर्ष ब्रेक घेते." त्या ब्रेकवरून आजवर कुणी परतलेलं नाही.

डिसेंबरात ताई शाळांच्या गॅदरिंगच्या दिग्दर्शिका होतात. एक कोळीगीत, एक शेतकरी नृत्य, एक देशभक्ती, आणि मुख्याध्यापिकांच्या आग्रहाखातर पर्यावरणावर काहीतरी. पोरं चाळीस आणि पुढची रांग एकच. इथे ताईंची खरी विद्या कामाला येते. दर आठ मात्रांनी मागची रांग पुढे येते आणि पुढची मागे जाते. प्रेक्षकांना वाटतं, वा, काय रचना आहे! रचना कसली, प्रत्येक आईच्या मोबाइलमध्ये तिचं लेकरू काही सेकंद तरी मधोमध यावं, याची ती तजवीज असते.

पण ताईंचा खरा हंगाम लग्नसराईचा. पूर्वी कोकणस्थ-देशस्थांच्या लग्नात आदल्या दिवशी सीमांतपूजन व्हायचं आणि लोक लवकर झोपायचे. आता 'संगीत' असतं. त्यामुळे ताईंना घरोघर जाऊन दोन्हीकडच्या मंडळींना नाच शिकवावा लागतो. वेळ रात्री साडेनवाची, जागा मुलीकडची गच्ची.

मुलीकडचे सगळे हजर आहेत. मुलाकडचं कुणी नाही. नवरदेवाची मीटिंग चालू आहे. ताई कठड्याला टेकून उभ्या आहेत. क्लासमध्ये त्या अष्टनायिका शिकवतात: संकेतस्थळी नायक न आल्यानं फसवली गेलेली ती विप्रलब्धा. वर्षानुवर्षं त्या ती मुलींना करून दाखवत आल्या; पण तिचा पक्का अनुभव त्यांना या गच्चीवर आला.

तेवढ्यात वधूचे मामा पुढे येतात. मामांना नाचायचंच आहे. गुडघ्याला पट्टा आहे, डावा-उजवा पाय यात त्यांना भेद मान्य नाही, आणि 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' म्हटलं की ते 'नाइन'ला उचलतात. ताई दोन मिनिटं नुसतं बघतात. मग मामांना मधोमध उभं करतात, डोळ्यांवर गॉगल चढवतात आणि बाकीच्या सात जणांना त्यांच्याभोवती फिरवतात. "मामा, तुम्ही काही करायचं नाही. फक्त शेवटी गॉगल काढायचा." संगीताच्या रात्री सर्वांत मोठी टाळी त्या गॉगलला पडते. नृत्यरचना म्हणजे येणाऱ्याला नाचवणं नव्हे, न येणाऱ्याला लपवणं, हे कुठल्याच थिअरीच्या पेपरात विचारत नाहीत.

मधल्या काळात ताई आणखी बरंच काही असतात. सकाळी सहाला झुंबा. आयटी कंपनीत महिला दिनाला 'ताणमुक्तीसाठी मुद्रा'. अमेरिकेतल्या मराठी मुलींना भल्या पहाटे ऑनलाइन कथक, ज्यात इथला ठेका तिथे दोन मात्रा उशिरा पोचतो आणि सम अटलांटिकमध्ये कुठेतरी पडते. मालिकेतल्या नायिकेला एका दिवसात 'शास्त्रीय बसायला' शिकवणं. जोडीला नेट-सेट झालेलं असतं, पीएच.डी. चालू असते, आणि महाविद्यालयात नोकरीही असते. पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि ते कधी येतील हा अवग्रह.

या सगळ्या कामांचे ताईंना पैसे मिळतात. फक्त एकाच कामाचे मिळत नाहीत: नाचण्याचे. संस्थांची आमंत्रणं येतात. "मानधनाचं काही जमणार नाही ताई, पण प्लॅटफॉर्म चांगला आहे." मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आणि स्वतःचा एकल कार्यक्रम करायचा, तर हॉलचं भाडं, तबलजी, लेहऱ्याला हार्मोनियम, पढंतीला कुणीतरी, प्रकाशयोजना, ध्वनी, नवा पोशाख आणि सगळ्यांचा चहा-वडा. तिकीट लावलं तर नातेवाईक रुसतात आणि नाही लावलं तर उशिरा येतात.

तरी ताई दरवर्षी एक कार्यक्रम करतात. रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती काढली, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी नाचावं की नाही, इथपासून लोकांची तयारी करावी लागत होती. आता लोक मुलींना कौतुकानं पाठवतात, फी भरतात, फोटो काढतात. फक्त मोठी झाल्यावरही ती नाचत राहिली की बुचकळ्यात पडतात.

यंदाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. सभागृह निम्मं भरलं होतं. ताईंनी धमार घेतला. चौदा मात्रांचा अवघड ताल, पण गच्चीवर मामांना सांभाळणाऱ्या बाईला चौदाचं काय! विलंबित थाटात त्या नुसत्या उभ्या राहिल्या, मान जरा वळवली, आणि मागच्या रांगेतला मोबाइल आपोआप खिशात गेला. झुंबा, गॉगल, वाढीव गुण यांतलं काहीही त्या उभं राहण्यात नव्हतं.

कार्यक्रमानंतर विंगेत एक आई मुलीला घेऊन आली. "हिला यातच करिअर करायचंय म्हणते. स्कोप आहे का हो?"

"भरपूर," घुंगरं सोडत ताई म्हणाल्या. "फक्त नाचायचा खर्च वेगळा काढायचा."

मी तबलजींच्या पाकिटाकडे बघत विचारलं, "आजचा धमार कुणाकडून?"

"मुलाकडच्यांकडून," ताई म्हणाल्या. "उशिरा आले होते ना, रात्रीचा जादा दर लावला."